वहीवाली

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक धडा आहे. दुसऱ्यांच्या चालीरीती आपल्या मापाने मोजू नयेत, असं त्यात सांगितलं आहे. खामगावच्या एका कॉलेजात मी तो धडा बावीस वर्षं शिकवते आहे आणि बरा शिकवते. मुलं हसतात, उदाहरणं लिहून घेतात. एक उदाहरण मी आजवर दिलेलं नाही. त्या तासानंतर स्टाफरूममध्ये येऊन बसते तेव्हा चहा पुढ्यात निवून जातो आणि सहकारी विचारतात, बरं नाही का. बरं आहे म्हणते.

माझं माहेर बीबीचं. शेत गावाबाहेर, सुलतानपूरच्या रस्त्याला, नाल्याच्या काठी. तूर निघून शेत मोकळं झालं की दरवर्षी आमच्याकडे मेंढ्यावाले उतरायचे. दूर गुजरातेकडून, उंटांवर खाटा, भांडी आणि लहान लेकरं लादून ते येत. चार-सहा रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांनी जमीन तयार व्हायची आणि त्याबद्दल बाबा त्यांना ज्वारी द्यायचे. गाव त्यांना काठेवाडी म्हणे. ते स्वतःला काय म्हणवतात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

इथे बाबांच्या नावाबद्दल सांगायला हवं. बाबांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून बाबा जन्मले तेव्हा आजीने त्यांना सुपात घातलं आणि उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं. शेजारणीने उचललं. मग आजीने तिला मूठभर ज्वारी देऊन स्वतःचाच मुलगा विकत घेतला. फेकून दिलेल्या वस्तूवर कोणाची नजर जात नाही, काळाचीसुद्धा नाही, अशी समजूत. नावही त्या उकंड्यावरूनच ठेवलं. आमच्या भागात अशा नावाचे म्हातारे गावोगाव सापडतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण मी पुण्याला एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने ते नाव मोठ्याने वाचलं आणि शेजारच्याला दाखवलं. दोघं हसले. त्या दिवसापासून मी वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर लिहायला लागले. बाबांना हे मी कधी कळू दिलं नाही.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी मेंढ्यावाल्यांचा विषय घेतला. भटक्या कुटुंबांतलं बालसंगोपन. घरच्याच शेतात तळ पडतो, म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय आयती, एवढाच माझा विचार. आमच्या सरांनी एक पद्धत शिकवली होती. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘निरीक्षण’ आणि उजवीकडे ‘अर्थ’. डावी बाजू त्याच दिवशी भरायची. उजवी महिनाभर कोरी ठेवायची, त्यांनी बजावलं होतं. मला कोरं पान बघवत नसे. शाळेत कायम पहिली आलेली मी, कोरी जागा म्हणजे गेलेले मार्क. मी दोन्ही बाजू एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरायची.

तळावर माझ्याच वयाची एक बाई होती. तिच्या खाटेभोवती दीडेक वर्षाचं पोर रांगत-चालत असायचं. त्याच्या कपाळाला तव्याची काजळी, केसांच्या जटा, अंगात दहा चिंध्या जोडून शिवलेला सदरा. नाकात काळा दोरा. सगळी त्याला कचरा म्हणत. ते रडत तिच्याकडे आलं की ती मला बघून त्याला हाताने दूर सारायची आणि म्हणायची, “हट, कचरा.” दुसरीच कोणी म्हातारी येऊन उचलायची. मी एकदा सहज म्हटलं की डोळे किती पाणीदार आहेत याचे, तर ती उठून पाण्याला निघून गेली.

तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, हे कोणाचं मूल.

“पता नई,” ती म्हणाली. “कचरे में से उठाया.”

“याची आई?”

तिने हात हवेत उडवला. “होगी कोई.”

मी उजव्या बाजूला लिहिलं: मूल तिचं नाही. ममत्वाचा पूर्ण अभाव.

ती वही माझ्याकडे अजून आहे. त्याच पानावर डावीकडे, चार ओळी वर, माझ्याच अक्षरात हेही लिहिलेलं आहे की दिवेलागणीला, आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं वाटलं की ही बाई ओढणीआड त्या मुलाला पाजते. मी ते पाहिलं होतं, लिहिलं होतं. उजवीकडे काय लिहावं ते सुचलं नाही आणि मी पुढच्या ओळीकडे गेले. उकंड्यावरून उचललेल्या माणसाची मी मुलगी. त्यानेच मला शिकवलं, पुण्याला पाठवलं. तरी मला कळलं नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? कळू द्यायचं नव्हतं, हेच खरं असावं. ते कळलं असतं तर खिडकीतला कारकून ज्याला हसला, त्याच्या शेजारी मलाही उभं राहावं लागलं असतं.

त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा फिरत होत्या. मी अफवांना भुलणारी नव्हते. माझ्याकडे वही होती. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतल्या बाई माझ्या ओळखीच्या होत्या. मी जाऊन त्यांना पान दाखवलं. आई-बाबा तेव्हा घरी नव्हते. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून दोघं खामगावला आत्याकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप शेतात आली. संस्थेच्या बाई, एक शिपाई आणि मागच्या सीटवर मी.

बाईंनी तिला तीनदा विचारलं, हे मूल तुझं आहे का? तळावरची सगळी माणसं गोळा झाली होती, रस्त्यावरून जाणारे-येणारेही थांबले होते. पोर तिच्याकडे हात करून रडत होतं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि ओढणी मुठीत धरली होती. ती तिन्ही वेळा म्हणाली, “मेरा नई.” तिच्या नवऱ्याने मान खाली घातली. म्हाताऱ्या सासूने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, ते मला समजलं नाही. जीप निघाली तेव्हा ती बाई मागे पळाली नाही. ती तिथेच उभी होती आणि मी तेही लिहून घेतलं.

अकरा दिवस मूल संस्थेत होतं. चौथ्या दिवशी तळ उठला, कारण शेकडो मेंढ्यांना एका जागी चारा पुरत नाही. ती आणि तिची सासू मागे राहिल्या. संस्थेच्या फाटकासमोर एक निंबाचं झाड होतं, त्याखाली त्या दोघी बसून असत. हे मला नंतर कळलं. मी घरी बसून प्रकरण तिसरं लिहीत होते.

बाबा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आले. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. आता लाज वाटते, पण सांगताना मला अभिमान वाटत होता. बाबांचा हात ताटातच थांबला.

“लेकरू कोणाचं म्हणून इचारलं तं ते बाई काय म्हणे?”

“कचऱ्यातून उचललं म्हणे.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

“पोरी, मह्या मायनं मले जलमभर कधी चांगलं म्हटलं नाही,” ते म्हणाले. “कोणी इचारलं तं उकंड्यावरचा म्हणे. तवा तू असती तं मलेबी उचलून नेलं असतं.”

त्यांनी ताट सरकवलं आणि चपला घातल्या. डॉक्टरांनी आठ दिवस उन्हात फिरू नका म्हणून सांगितलं होतं. मी मागून निघाले. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले, पण पूर्ण वाटेत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले आहेत. आता वाटतं की त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं की माझ्या अर्जांवर त्यांचं नाव का नसतं.

संस्थेच्या बाई वाईट नव्हत्या. बाबांचं त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाल्या, “काका, तुमचं बरोबर असेल. पण तिने तीनदा सगळ्यांसमोर नाही म्हटलं आहे. आता तिनेच सगळ्यांसमोर हो म्हणायला पाहिजे. कागदावर यायला पाहिजे.”

तिला आत बोलावलं. बाबा तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत तिला समजावत राहिले. बाबा काय बोलले ते मला पुरतं ऐकू आलं नाही. मधेच त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या पट्टीकडे, पांढऱ्या केसांकडे, वाचलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

मग ती बोलली. टेबलाकडे बघून बोलली.

“मेरा है. मेरे पेट का है. दो गए. ये तीसरा.”

“नाव?” बाईंनी विचारलं.

“कचरा.”

“असं नाव नाही लिहिता येणार. खरं नाव सांग.”

खोलीत तेव्हा तिच्याखेरीज सात माणसं होती. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने नाव सांगितलं, इतकं हळू की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. तिच्या नवऱ्यानेसुद्धा ते नाव कोणासमोर कधी उच्चारलं नसेल. अर्ज मी भरत होते, कारण माझं अक्षर चांगलं. मी ते नाव ठळक लिहिलं. इथे ते लिहिणार नाही.

मूल आणलं. त्याला न्हाऊ घातलं होतं, जटा कापल्या होत्या, काजळी पुसली होती, अंगात कोणीतरी दिलेला पिवळा शर्ट होता. खरंच देखणं पोर होतं. बाईंना भरून आलं. त्या तिला म्हणाल्या, “बघ किती गोड आहे! आपल्या बाळाशी असं लाडाने बोलावं. बोल बरं.”

आणि तिला वाटलं असणार की हे बोलल्याशिवाय मूल मिळणार नाही. ती म्हणाली, “अच्छा है.” थांबली. “सुंदर है.” पुन्हा थांबली. “मेरा है.” दीड वर्ष तिने जे तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं ते सगळं तिने सात अनोळखी माणसांपुढे बोलून दाखवलं. बाईंनी समाधानाने मान हलवली. मीही हलवली. बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाहेर आल्यावर ती मुलाला खांद्यावर घेऊन माझ्या समोर आली. मला वाटलं काही बोलेल. ती वाकली आणि मी जिथे उभी होते तिथली, माझ्या पावलाजवळची चिमूटभर माती उचलून तिने ओढणीच्या टोकाला बांधली. दृष्ट काढायला, ज्याची लागली त्याच्या पायाखालची माती लागते. आमच्या घरीही हेच करतात, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला राग आला. बसने एवढ्या दूर येऊन, मूल परत मिळवून देऊन वर हा अपमान, असं मी मनात म्हटलं. त्या दोघी रस्त्याच्या कडेने तळाच्या मागावर चालत गेल्या. सासू पुढे, ती मागे, मुलाचं तोंड ओढणीने झाकलेलं.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. बाबांनी महाशिवरात्रीपर्यंत शेत तसंच ठेवलं आणि मग नांगर घातला. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दुसरे तळ रस्त्याने जाताना दिसायचे, पण आमच्या नाल्याजवळ कोणी उतरेना. बाबांनी कधी मला बोल लावला नाही. फक्त कोणी विचारलं की काऊन येत नाहीत आता मेंढ्यावाले, तर ते म्हणायचे, “त्याइचा रस्ता बदलला.” माझ्या प्रबंधाला चांगले मार्क पडले. ते प्रकरण मी काढलं नाही. काढलं असतं तर पानं कमी पडली असती.

माझा मुलगा झाला तेव्हा नर्सने त्याला माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडून निघालं, “काय माकड जन्माला आलंय.” सासूबाई खूश झाल्या, सून शिकलेली असून रीतीची निघाली म्हणाल्या. मला मात्र ‘हट, कचरा’ ऐकू आलं. त्याच्या बारशाला घर माणसांनी भरलेलं असताना मला सारखं वाटत होतं की दारात कोणीतरी उभं आहे, आत या म्हणायची वाट बघतंय. मी दोनदा उठून पाहून आले. कोणी नव्हतं. तेव्हापासून हे चालूच आहे. भर दिवसा, फळ्यावर लिहिताना, भाजी निवडताना ते नाव माझ्या ओठांवर येतं आणि मी ओठ घट्ट मिटते. रस्त्याने उंट दिसले की गाडी बाजूला घेते आणि आता पंचविशीच्या पुढच्या प्रत्येक पोराचे डोळे बघते. नजर लागते यावर माझा विश्वास नाही. पण ते पोर जगलं की नाही, एवढं कळल्याशिवाय मला या जन्मात सुटका नाही, यावर आहे. बाबा गेले तेव्हा त्यांच्या तेरवीच्या पत्रिकेवर मी त्यांचं पूर्ण नाव छापलं. उशीर झाला होता.

या वर्षी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने मेंढपाळ बायांवर प्रकल्प केला. विषय तिनेच निवडला, मी सुचवला नव्हता. लग्न झालेली, हुशार, बीबीच्याच बाजूच्या गावातली मुलगी. बाळंतपणामुळे तिचा अहवाल राहिला होता. परवा तो द्यायला आली तेव्हा दोन-अडीच महिन्यांची मुलगी कुशीत होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणे. मी टेबलावरचे कागद बाजूला केले, शाल अंथरली आणि तिने मुलीला तिथे ठेवलं. पोर माझ्या हातातल्या पेनाकडे टक लावून बघत होतं.

“बारसं येत्या रविवारी आहे, मॅडम. तुम्ही याच,” ती म्हणाली. “नाव ठरलंय, पण सासूबाई म्हणतात रविवारपर्यंत कोणाले सांगायचं नाही. तुम्हाला जाताना सांगते.”

अहवाल नीटनेटका होता. तिनेही पानाच्या मधोमध रेघ मारलेली होती. मीच शिकवते ती पद्धत. सहाव्या पानावर डावीकडे लिहिलं होतं: बीबीच्या शिवेवरचा नाला आला की या बाया मुलांच्या तोंडाला तव्याची काजळी फासतात. सुलतानपूर मागे पडेपर्यंत कोणत्याही मुलाला नावाने हाक मारत नाहीत. विचारलं तर मूल आपलं नाही असं सांगतात. कारण विचारल्यावर सांगितलं की या गावात एक वहीवाली राहते. ती लेकराचं नाव लिहून घेते. तिने नाव लिहिलं की लेकरू जातं.

उजवीकडे एकच ओळ होती: अंधश्रद्धा. प्रबोधनाची गरज.

मी ते पान पुन्हा वाचलं. आता त्यांच्या पोरींनाही ते माहीत झालं होतं, लग्न होऊन आलेल्या सुनांनाही. मी त्यांचा अभ्यास केला होता. त्यांनी माझा केला होता, आणि त्यांचा बरोबर निघाला होता.

“ज्या लेकराचं नाव लिहिलं,” मी विचारलं, “त्याचं पुढे काय झालं, विचारलंस का?”

“विचारलं न, मॅडम. चौघींले वेगवेगळं विचारलं. चौघीही म्हणाल्या, असं कोणतं लेकरू नव्हतंच.”

ही माणसं जिवंत लेकराबद्दल असंच बोलतात. आणि गेलेल्याबद्दलही कदाचित असंच बोलत असतील. मी त्यांच्यावर एक पूर्ण प्रबंध लिहिला आहे, आणि यातलं कोणतं ते मला सांगता येत नाही.

मी पेन उघडलं आणि उजवीकडचा ‘अंधश्रद्धा’ हा शब्द खोडला. ती पुढे वाकून बघत होती.

“काऊन खोडलं, मॅडम? चुकलं का?”

“त्या बाया खोटं सांगत नाहीत,” मी म्हटलं. “ती वहीवाली मी आहे.”

ती हसली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं. जीप, अकरा दिवस, खोलीतली सात माणसं, मी भरलेला अर्ज. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगत होते, आणि तिने काहीतरी म्हणावं, नुसतं अहो मॅडम तरी म्हणावं, असं मला फार वाटत होतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. टेबलावरची पोर पेनाकडे बघून हात हलवत होती आणि पेन अजून माझ्या हातात उघडंच होतं.

तिने मुलीला उचललं. ओढणी पुढे ओढून तिचं तोंड झाकलं. हे तिने ठरवून केलं नाही, तिचे हातच तसे गेले.

“येते मॅडम, बस चुकेल,” ती म्हणाली. दारापाशी क्षणभर थांबली, तेव्हा मीच मान खाली घालून अहवालाची पानं सारखी करत बसले.

नाव तिने सांगितलं नाही.